लाखोरीनं नेलेले पाय

माझे हात धड आहेत. आधी हेच सांगतो, कारण मला बघायला येणारा माणूस पहिल्यांदा पायांकडे बघतो, मग तोंडाकडे, आणि मग च्‌ च्‌ करतो. त्या च्‌ च्‌चा मला भारी राग येतो. बसल्या जागी मी अख्खं जाळं विणतो, लाकूड तासतो, मनात आलं तर भांडतोही. फक्त उभा राहू शकत नाही. राहिलोच तर दोन काठ्यांवर, टाचा उचललेल्या, गुडघे एकमेकांत अडकलेले. त्याला चालणं म्हणणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

हे लिहायला आमच्या शाळेच्या गुरुजींनी सांगितलं. मी चौथी शिकलेला. गुरुजी म्हणाले, "तुझ्यासारखे किती जण गावोगाव घरात बसले आहेत. कुणी कोप म्हणतं, कुणी करणी म्हणतं. तू दवाखाना पाहून आलास, तू लिही." तर लिहितो. ज्याच्या पोटऱ्या जड व्हायला लागल्या असतील, उकिडवं बसल्यावर उठताना ज्याला हात टेकावा लागत असेल, त्यानं हे वाचावं. वाचता येत नसेल तर कुणाकडून वाचून घ्यावं. मी बरा झालो असं मात्र सांगणार नाही. खोटं बोलायला मला चांगलं येतं, पण इथे त्याचा उपयोग नाही.

रान आणि नेम

आम्ही ढिवर. आमचं गाव नागभीडपासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. तळ्यात जाळं टाकणं हा जन्माचा धंदा, पण आमच्या घरी त्याच्या जोडीला कोसा होता. पावसाळा लागला की येनाच्या, म्हणजे ऐनाच्या, झाडांवर कोशाच्या अळ्या सोडायच्या आणि कोसे होईपर्यंत तिथेच रानात खोपडी बांधून राहायचं. अळी पाला खाते, फुगते, मग स्वतःभोवती घट्ट कवच विणून आत बसते. तोच कोसा, त्याचंच रेशीम. ऐकायला सोपं आहे. पण त्या हिरव्या अळीवर साऱ्या जगाचा डोळा. कावळे, मुंग्या, गांधीलमाश्या, माकडं. दिवसभर गुलेल घेऊन बोंबलत फिरायचं. एका झाडाचा पाला संपला की अळ्यांसकट फांद्या तोडून दुसऱ्या झाडावर नेऊन बांधायच्या. चढ, उतर, पुन्हा चढ. माझ्यासारखा चढणारा आमच्या रानात दुसरा नव्हता. ही फुशारकीच आहे, आणि ती मी मारणार.

या कामाला नेम असतो. अळ्या झाडावर आहेत तोवर मासळी नाही, मटण नाही, तेल नाही, हळद नाही. दाढी करायची नाही, खाटेवर निजायचं नाही. बाईमाणसानं रानात पाऊल टाकायचं नाही. नेम मोडला तर रानातली आई, म्हणजे देवी, कोपते, अळ्या काळ्या पडून गळतात आणि मोडणाऱ्याच्या अंगावर येतं, असं सगळे मानतात. मीही मानत होतो. अळ्या खरोखर गळताना पाहिल्या होत्या, मग न मानून करतो काय?

नेम राखायचं काम भाऊचं. भाऊ म्हणजे माझा मोठा भाऊ, भिवा. बाप गेल्यावर त्यानंच मला वाढवलं, लग्न लावून दिलं, झाडावर चढायला शिकवलं. तो बोलला की विषय संपला. वाईट माणूस नव्हे तो. हे आताच सांगून ठेवतो, कारण पुढे वाचताना तुम्हाला त्याचा राग येईल.

त्या वर्षी आदल्या हंगामाचं धान गेलं होतं. पाऊस नेमका लोंबी भरायच्या वेळी पळाला, आणि धान उभ्याउभ्या वाळलं. पण लाखोरी आली. लाखोरी म्हणजे लाखेची डाळ. धान कापायच्या आधीच बांधीतल्या, म्हणजे धानाच्या शेतातल्या, ओलीवर ती फेकून द्यायची, मग तिच्याकडे बघायचंही काम नाही. धान मेलं तरी ती जगते. कणगीत तीच, भाकरीत तीच, डाळ म्हणूनही तीच. घरी राहणाऱ्यांना निदान तळ्यातली मासळी, वाडीतली भाजी जोडीला होती. रानात आम्हाला मासळी बंद. सकाळी लाखोरीची भाकर, सांजेला मीठ टाकून उकडलेली लाखोरी. पोट भरत होतं. वाईट वर्षात पोट भरलं की माणूस खुशीत असतो. आम्हीही होतो.

पोटऱ्या

आधी नुसते गोळे यायचे. पावसात भिजून आलो की पोटऱ्या दगडासारख्या व्हायच्या. वाटलं, चढउतार जास्त होते आहे. मग कमरेत कळ यायला लागली. मग एक दिवस झाडावर अर्ध्यात पाय थरथरू लागले, असे की फांदीवरच्या अळ्या हलत होत्या. मी खाली उतरलो नाही, घसरलो. तसाच हसलो आणि दुसऱ्याला म्हणालो, "आज तू चढ, मी खालून धरतो."

आणि मग ती सकाळ. नाल्यावर उकिडवा बसलो होतो, उठायला गेलो तर उठताच येईना. पाय जागे होते, चिमटा काढला तर कळत होतं, मुंगी चावलेली कळत होती. पण ऐकत नव्हते. मी त्यांना शिव्या घातल्या. खरंच, स्वतःच्या पायांना आईमाईवरून शिव्या. मग रडू आलं. कुणी बघू नये म्हणून पाण्यानं तोंड धुतलं आणि रांगत वर आलो.

भाऊनं मला रांगताना पाहिलं. तो धावत आला नाही. जागच्या जागी उभा राहिला, आणि त्याचा चेहरा पडला.

"नथ्थू," तो म्हणाला, "नेम कोठी चुकला गा?"

"नाई चुकलो, भाऊ. मायची आन."

"मंग असं काऊन होते? बिनाचुकीचं होते का असं?"

मी आठवून आठवून पाहिलं. काही सापडेना. आणि मग त्यालाच आठवलं. पंधरवड्यामागे आमचं मीठ संपलं होतं, तेव्हा माझी बायको सगुणा मीठ घेऊन आली होती. रानात नव्हती शिरली ती. काठावरच्या दगडावर पुडी ठेवून लांबूनच ओरडली होती, "मीठ ठेवलं हो!" आणि पळाली होती. पण भाऊच्या मते तो दगड रानाच्या आतला होता.

मी म्हणालो, "दगड बाहेरचा हाय, भाऊ."

"मंग तुझे पाय कोनं नेले?"

तुम्ही असता तर काय सांगितलं असतं?

नेम वाढला

सगुणाला माहेरी पाठवलं, ब्रह्मपुरीकडे. मी खोपडीत पडलेला, मला नंतर कळलं. जाताना ती एक शब्द बोलली नाही म्हणे. बोलणार तरी कशी? आमच्यात धाकट्याची बायको भासऱ्यासमोर, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावासमोर, तोंड उघडत नाही. डोईवरून पदर ओढून भिंतीआड उभी राहते. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण भाऊला तिनं थेट एक अक्षर म्हटलेलं नव्हतं. तिच्या बाजूनं बोलायचं काम माझं, आणि मी बोललो ते एवढंच, की दगड बाहेरचा आहे.

कोसे उतरले. चांगले उतरले, एकही अळी गळली नाही. बाकीच्यांनी दाढ्या केल्या, तळ्यात जाळं टाकलं, नेम सुटल्याचं जेवण झालं. आमच्यातल्या आणखी दोघांच्या पोटऱ्या जड होत्या. ते हळूहळू मोकळे झाले. लोक म्हणाले, बघा, ज्याची चूक नाही त्याला आईनं सोडलं.

माझा नेम मात्र सुटला नाही. भाऊ म्हणाला, "तिचा राग जायचा हाय. तू नेम वाढव. पाय येतपर्यंत मासळीले शिवू नको, तेलाले शिवू नको." मीही तयार झालो. उत्साहानं तयार झालो, खोटं कशाला सांगू? पाय परत मिळवायचा तेवढा एकच रस्ता दिसत होता. घरात सगळे तळ्यातले मासे खात आणि मी ओसरीवर बसून लाखोरी. वहिनी कधी चोरून तांदळाची पेज आणायची, तर मी ताट सरकवून द्यायचो. एका काठीच्या दोन झाल्या. पाय अधिक आखडले तसा मी नेम अधिक कडक केला. मीठही सोडलं. उपाय म्हणून रोज सकाळ-सांज मी तेच खात होतो, ज्यानं माझे पाय जात होते. आज हे लिहिताना हसावं की डोकं आपटावं ते कळत नाही.

सगुणा बोलली

थंडीत एके दिवशी अंगणात बैलगाडी येऊन थांबली आणि तिच्यातून सगुणा उतरली. तिला तिकडे कुणीतरी सांगितलं होतं की नथ्थू आता रांगतो. ती सरळ माझ्याजवळ आली, माझ्या पायांकडे पाहिलं, आणि माझ्या कानाशी बसून नुसती, "अजी, हे का होऊन बसलं," एवढंच म्हणाली. मग उठली. भाऊ दारात उभा होता. तिनं पदर ओढला नाही.

"मी याहीले नागपूरच्या दवाखान्यात नेतो," ती भाऊला म्हणाली. थेट. तोंडावर.

वहिनीच्या हातातलं सूप तसंच राहिलं.

"दवाखान्यात याचं का काम?" भाऊ माझ्याकडे बघत म्हणाला. तिच्याशी तो तरीही बोलला नाही. "ह्या रोगाले डाक्टर नाई चालत."

"मंग माया दगड चालते का?" सगुणा म्हणाली. "माया पायानं याचे पाय गेले म्हनता नं? मंग मीच नेतो याहीले. मराचे असले तं मायाजवर मरतीन."

भाऊ मागच्या दारानं निघून गेला. मला उचलून गाडीत घालायला मात्र तोच परत आला. माझ्या पायांखाली त्यानं गाडीतला पेंढा सारखा केला. मी डोळे मिटून घेतले, कारण मला त्या दोघांपैकी कुणाचंच मन मोडायचं नव्हतं. असा मी शूर.

नागभीडपर्यंत गाडी, तिथून पुढे नागपूरची ती छोटी रेल्वे. सगुणा डब्यात माझे पाय मांडीवर घेऊन बसली. लोक बघत होते. मला लाज वाटत होती, आणि बरंही वाटत होतं.

तुम्ही काय खाता?

नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात आम्हाला खूप वेळ बसवलं, मग एका तरुण डॉक्टरांकडे पाठवलं. जाड चष्मा, सदऱ्याला शाईचा डाग. त्यांनी मला खाटेच्या कडेला बसवलं आणि रबरी हातोडीनं गुडघ्याखाली टिचकी मारली. माझा पाय ताडकन उडाला आणि त्यांच्या पोटाला लागला.

मी तर आनंदून गेलो. "सगुणे, पाहिलं का? ताकद हाय!"

"ही ताकद नव्हे, पायांवरचा ताबा सुटला आहे," डॉक्टर म्हणाले. दुसरा पाय, पुन्हा तेच. मग त्यांनी विचारलं, "घरी काय खाता?"

मला राग आला. इतक्या लांबून पाय दाखवायला आलो आणि हा माणूस जेवणाच्या चौकश्या करतो. उत्तर सगुणानं दिलं. "लाखोरी."

"आणखी?"

"लाखोरीच. याहीचा नेम हाय."

"किती महिने?"

सगुणा माझ्याकडे बघू लागली. मी म्हणालो, "पावसाळ्यापासून."

डॉक्टरांनी हातोडी खाली ठेवली. म्हणाले, "पाय त्या डाळीनं गेले. वर्षातून कधीतरी खाल्ली तर चालून जाते. रोज, नुसती तीच, महिनोन्‌महिने खाल्ली की हे होतं. दुष्काळात पार माळव्यापासून इकडपर्यंत अशी माणसं पाय जाऊन बसतात. तुमच्या हातून काही चुकलेलं नाही."

तुमच्या हातून काही चुकलेलं नाही. सगुणा तिथेच, दवाखान्याच्या फरशीवर बसली आणि हमसून हमसून रडू लागली. डॉक्टर गडबडले. त्यांना काय माहीत, ही बाई कशासाठी रडते आहे. मी मात्र रडलो नाही. मीठ सोडलेलं आठवलं, वहिनीची पेज सरकवलेली आठवली. जिचा नेम केला तिनं नव्हे, नेमानंच मला खाल्लं होतं.

मग मी एकच विचारलं. आणि पुढे त्या दवाखान्यात होतो तोवर रोज तेच विचारत होतो. "मी चालीन का?"

ते म्हणाले, "बघू."

कूड आणि चूल

मी कोसेवाला आहे हे कळल्यावर डॉक्टरांना बरं वाटलं. समजावून सांगायला त्यांना सोपं गेलं.

"तुमचे पाय चांगले आहेत," ते म्हणाले. "पायांना हुकूम पोचवणारे तंतू पाठीच्या कण्यातून येतात. ते पेशींचे असतात. पेशी म्हणजे समजा कोसा, पण डोळ्याला दिसणार नाही इतका बारीक. त्याला बाहेरून पातळ कवच, स्निग्ध, दोन पापुद्र्यांचं. ते आतलं आत ठेवतं, बाहेरचं बाहेर. आणि आत बारक्या बारक्या चुली. त्या जळतात तोवर पेशी काम करते."

त्या चुलींचं नाव त्यांनी सांगितलं, मायटोकॉन्ड्रिया. मला ते सिरोंचाकडच्या एखाद्या तेलंगी गावाचं नाव वाटलं. विजेवर चालणाऱ्या नव्या दुर्बिणीनं घेतलेलं त्यांचं चित्रही दाखवलं त्यांनी, परदेशच्या एका जाड मासिकात. करड्या भोपळ्याच्या बिया पसरल्यासारखं काहीतरी होतं.

"लाखोरीत काहीतरी विषारी आहे. काय, ते अजून कुणाला सापडलेलं नाही. माझा अंदाज आहे की ते कवच दुखावतं आणि चुली विझवतं. अंदाजच आहे हं."

"मंग कूड लिंपा नं," मी म्हणालो. "चूल पेटवा. आमी तं रोजच करतो."

ते पहिल्यांदा हसले. "तेच करून बघणार आहे. होईलच असं कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही."

कवच स्निग्ध असतं म्हणजे तेलातुपाचं, असं मी धरून चाललो. आणि आम्ही तर तेलच सोडलं होतं! हे मी त्यांना म्हणालो तर ते म्हणाले, तेल सोडल्यानं झालं नाही, पण दुबळ्या अंगाला विष जास्त लागतं. तेव्हापासून मला माशाच्या कलेजीचं तेल पाजू लागले. वास असा की आम्ही ढिवरांनीही नाक धरावं. शिवाय कडू पिवळी भुकटी, दूध, अंडं, आणि दंडात सुया. सकाळी गरम पाण्यात पाय, मग मालिश. सगुणा रोज मालिश करायची आणि पुटपुटायची, "पेटा गा, पेटा." आधी मला वाटलं देवाला म्हणते आहे. चुलींना म्हणत होती.

टाच टेकली

माझ्या शेजारच्या खाटेवर लालसू दादा होते. धानोऱ्याच्या पलीकडचे, जंगलातले गोंड. छातीच्या दुखण्यानं आलेले. मराठी तोडकी, पण बोलायची हौस फार. मला संडासाला नेण्याचं काम त्यांनी आपणहून घेतलं. एवढा मोठा घोडा मी, आणि तो खोकणारा म्हातारा मला काखेत धरून न्यायचा. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. ते म्हणायचे, "लाजू नको. मी म्हातारा, तू लहान पोट्टा. रांगते तो लहानच." आणि स्वतःच्याच बोलण्यावर खोकेपर्यंत हसायचे.

त्यांना माझ्या टाचेचा नाद लागला. डॉक्टर रोज मला उभं करून टाच जमिनीला लागते का ते बघायचे. लागायची नाही. लालसू दादा खाली फरशीवर गाल टेकून बघायचे आणि दोन बोटं दाखवायचे, एवढं अंतर आहे म्हणून. मग एके सकाळी ते ओरडलेच, "टेकली! टेकली रे, टेकली!"

सगळा वॉर्ड उठला. परिचारिका बाई धावत आल्या. सगुणा पाण्याची बादली टाकून आली. मी खाली बघितलं, माझी टाच खरोखर फरशीवर होती. गार फरशी टाचेला लागत होती. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. मी ओरडलो का रडलो ते आठवत नाही. शेजारच्या पेशंटनं कुणाच्या तरी घरून आलेला पेढा माझ्या तोंडात कोंबला. मी मनातल्या मनात झाडावर चढलोही होतो.

डॉक्टर आले. त्यांनी खाली बसून बघितलं, मग माझ्या गुडघ्यांना हात लावला. गुडघे पुरते वाकलेले होते. मी उभा नव्हतो, अर्धा बसलेला होतो, आणि खाली गेलो म्हणून टाच टेकली होती. त्यांनी हळूच गुडघे सरळ केले. टाच उचलली गेली.

लोक आपापल्या खाटांवर गेले. लालसू दादा मात्र फरशीवरच बसून राहिले, माझा पंजा दोन्ही हातांत धरून. ते त्यांच्या बोलीत काहीतरी म्हणत होते. मला कळलं नाही, पण त्या दिवशी त्या पंज्याला तेवढीच ऊब मिळाली.

खरं काय ते

उन्हं तापायला लागली तेव्हा डॉक्टरांनी मला घरी जायला सांगितलं. मी पुन्हा तेच विचारलं. त्यांनी या वेळी "बघू" म्हटलं नाही.

ते म्हणाले, "कोशाला मुंगीनं भोक पाडलं तर तुम्ही काय करता?"

"का करनार? तो वाया गेला."

"भोक बुजवता येत नाही?"

"बुजवलं तरी आतला जीव कोठून आनाचा?"

तेवढ्यात मला माझं उत्तर मिळालं. मीच ते दिलं होतं. फार राग आला त्यांचा. इतकी तेलं, इतक्या सुया, आणि शेवटी माझ्याच तोंडून वदवून घेतलं. मग त्यांचा चष्मा ओला झालेला दिसला आणि राग कुठे ठेवावा ते कळेना.

"पुढे जाणं थांबलं आहे," ते म्हणाले. "गोळे कमी झाले, तेवढं मिळवलं. पुढेमागे कुणीतरी पेशीचं कवच सांधायला शिकेल, चुली पुन्हा पेटवायला शिकेल. मला येत नाही." मग सगुणाला म्हणाले, "घरात कुणीही रोज लाखोरी खाऊ नका. खावीच लागली तर पुष्कळ पाण्यात भिजवा, उकळा, ते पाणी फेका आणि जोडीला दुसरं धान्य घ्या. त्यानं विष थोडं उतरत असावं, खात्री देत नाही. पुरुषांना हे जास्त होतं, बायांना कमी."

लालसू दादा आमच्या आधीच आपल्या गावी गेले होते, बरे न होताच. जाताना मला म्हणाले, "तुझे पाय नाई, माझा दम नाई. दोघं मिळून एक मानूस होते."

घर

नागभीडला भाऊ गाडी घेऊन उभा होता. वाटेत मी त्याला सगळं सांगितलं. तो बैलांकडे बघत ऐकत होता. मग त्यानं गाडी थांबवली, खाली उतरला, मागे येऊन सगुणासमोर उभा राहिला. त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही, जमिनीकडे पाहिलं.

"बाई," तो म्हणाला, "दगड बाहेरचाच होता."

पदराआडून ती म्हणाली, "हाव भाऊ."

त्यानंतर ती दोघं थेट बोलतात. गावात अजून त्याची चर्चा होते, होऊ दे.

पण मी ज्यासाठी हे लिहायला बसलो ते पुढेच आहे. घरी आलो, कणगीत वाकून पाहिलं तर लाखोरी. दुसरं काय असणार? त्याही वर्षी धान अर्धंच झालं होतं. मी भाऊला म्हणालो, "हे जहर हाय." तो म्हणाला, "मले समजलं गा. पन लेकरायले का देऊ, सांग." मला रोग माहीत होता, कारण माहीत होतं, पेशीच्या चुलीचं नावसुद्धा माहीत होतं, आणि आमच्या चुलीवर तीच शिजत होती. भाऊ आणि मुलं मासळी जास्त खाऊ लागली, वहिनी डाळीचं पाणी फेकू लागली. आमच्या हातात होतं ते एवढंच.

तांदळाची थोडी कणकी असते, ती सगुणा माझ्यासाठी शिजवते. मला वाटायचं, तीही तेच खाते. ती माझ्यासोबत जेवत नाही. मला वाढते आणि आपली थाळी घेऊन अंगणाच्या पार टोकाला, मोहाच्या झाडाखाली जाऊन बसते. म्हणते, तिकडे वारा असतो. मागच्या महिन्यात एकदा वारा माझ्याकडे आला आणि उकडलेल्या लाखोरीचा वास आला. तो वास मी मेलो तरी ओळखीन.

"सगुणे, का खाऊन राह्यली?"

"जेवन करून राह्यली."

"थाळी इकडे आन."

"तुमचं होऊ द्या."

मी काठ्या ओढल्या. उभा राहायला गेलो, एक काठी निसटली, तसाच पडलो आणि रांगायला लागलो. ती बघत होती. उठून पळाली नाही. बसून भराभरा खात होती, एकेक घास गिळत, माझ्याकडे बघत. मी निम्म्या अंगणात पोचलो तेव्हा तिनं थाळीत पाणी ओतलं, विसळलं, आणि ते पिऊन टाकलं. मग आली, मला काखेत धरून बसतं केलं, गुडघ्यांची माती झटकली.

"बायायले कमी होते," ती म्हणाली. "डाक्टरच बोलला नं."

"कमी होते म्हनला. होतच नाई, असं नाई म्हनला."

ती हसली. "मंग तुमी जरा लवकर येत जा."

मी रोज निघतो. अजून एकदाही तिची थाळी रिकामी व्हायच्या आत पोचलो नाही.